बंदीचे ६१ दिवस आणि अर्धवट राहिलेली डिग्री



१ जूनला बोटी जेट्टीला लागल्या, जाळी वर काढली, की सोसायटीच्या ऑफिसात गर्दी वाढते. डिझेलचा हिशोब, अनुदानाचे कागद, लायसनचं नूतनीकरण, हे नेहमीचंच. यंदा त्या गर्दीत एक वेगळी मागणी चार जणांकडून आली. "सेक्रेटरीबाब, पोराला बाहेर कॉलेजात घालतोय, वर्षाला दीड लाख म्हणतात, सोसायटीकडून कर्ज होईल का?" एकाने तर इंजिन उतरवून दुरुस्त करायला ठेवलेले पैसे फीला लावायची तयारी केली होती. इंजिन यंदा तसंच चालवू म्हणाला. ऑगस्टात दर्यात इंजिन बंद पडलं तर काय, हे आम्ही त्याला विचारलं नाही. त्याला ते आमच्यापेक्षा जास्त कळतं.

कर्ज द्यायचं की नाही ते संचालक मंडळ ठरवील. पण कर्जाचा अर्ज लिहायच्या आधी आमचं म्हणणं ऐका. आम्ही स्वतः बारावीच. पुढे शिकायचं राहून गेलं ते राहूनच गेलं. त्यामुळे मोठ्या गप्पा नाहीत, गेल्या दोन वर्षांत पोरांचे फॉर्म भरता भरता जे समजलं तेवढंच सांगतो.

आपल्याकडे अजून अशी समजूत आहे की डिग्री म्हणजे तीन वर्षं सलग कॉलेज. मध्ये सोडलं की सगळं पाण्यात. आमच्या वेळी तसंच होतं. आता ते तसं राहिलेलं नाही. आता शिक्षण क्रेडिटमध्ये मोजतात. आपल्या लिलावाच्या पावतीसारखं धरा. सोमवारी दहा टोपल्या बांगडे आले, बुधवारी बोट गेलीच नाही, शुक्रवारी चार टोपल्या आल्या. सोमवारची पावती शुक्रवारी रद्द होते का? नाही, वहीत जमा राहते. तसंच इथे. एका वर्षाला साधारण ४० क्रेडिट, तीन वर्षांच्या डिग्रीला १२०, चार वर्षांच्या ऑनर्सला १६०. पास केलेला प्रत्येक विषय जमा होतो.

ही वही केंद्र सरकारने २०२१ साली सुरू केली. नाव अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स. डिजीलॉकरवरून खातं उघडता येतं, बारा आकडी नंबर मिळतो, पैसे लागत नाहीत. जमा क्रेडिट जास्तीत जास्त सात वर्षं चालतात. मात्र दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, २०२१-२२ च्या आधी कॉलेज सोडलेल्यांचे जुने मार्क या बँकेत जात नाहीत. दुसरी, डिग्री देणाऱ्या विद्यापीठाचे स्वतःचे किमान निम्मे क्रेडिट असावे लागतात. म्हणजे साठ इकडचे, साठ तिकडचे असं जमेल. शंभर बाहेरचे आणि वीस इथले असं नाही. आणि ते विद्यापीठ या बँकेत नोंदलेलं पाहिजे, बाहेरचे क्रेडिट घ्यायला तयारही पाहिजे. हे आधी लेखी विचारून घ्या. तोंडी "हो हो, होऊन जाईल" याला काही किंमत नाही.

आपल्याच वाड्यावरचं उदाहरण देतो, नाव नको. पोरगा २०२३ मध्ये कॉलेजला गेला. गोव्यातल्या कॉलेजांत नवं धोरण लागू झालं त्याच वर्षी. पहिलं वर्ष नीट पास. २०२४ च्या पावसात बापाच्या पाठीचं ऑपरेशन झालं, बोटीवर जाणारं घरात दुसरं कोणी नाही. पोराने कॉलेज सोडलं. दोन वर्षं घरात सगळे म्हणत होते, "त्याचं शिक्षण संपलं." मार्चमध्ये तो जाळं शिवायला जेट्टीवर बसला होता तेव्हा आम्ही विचारलं, पहिल्या वर्षाचं मार्कशीट कुठे आहे? देव्हाऱ्याच्या मागे सापडलं, एक कोपरा उंदराने खाल्लेला. ४० क्रेडिट शाबूत! नव्या नियमाने मध्ये बाहेर पडलेल्याला तीन वर्षांच्या आत परत येता येतं आणि सुरुवातीपासून सात वर्षांत डिग्री पुरी करता येते. म्हणजे त्याचा दरवाजा उघडाच होता, फक्त कोणी ढकलून बघितला नव्हता. कॉलेजने त्याला हे सांगायला हवं होतं. सांगितलं नाही.

आता स्वस्तात कसं, ते.

इग्नू, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ. १९८५ पासूनचं, केंद्र सरकारचं. पणजीला त्यांचं प्रादेशिक केंद्र आहे. बीए, बीकॉमला वर्षाची फी काही हजारांत बसते, परीक्षेची फी पेपरमागे वेगळी. प्रवेश वर्षात दोनदा, जानेवारी आणि जुलै. तीन वर्षांचा कोर्स सहा वर्षांपर्यंत ओढता येतो. परीक्षा जूनमध्ये आणि डिसेंबरमध्ये. जून! कोणत्याही कॉलेजच्या वेळापत्रकापेक्षा हे वेळापत्रक आपल्या धंद्याला जवळचं आहे. १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस बोटी बांधलेल्या. त्या दिवसांत आपली पोरं काय करतात ते आपण बघतो. जाळी सांधणं होतं, रंगकाम होतं, पण अर्धा दिवस मोबाईल आणि पत्ते. तेव्हाच पेपर द्यायचे. डिसेंबर आपल्याला अवघड, तेव्हा हंगाम भरात असतो. डिसेंबरचा पेपर चुकला तर तो पुढच्या जूनला देता येतो, वर्ष फुकट जात नाही.

एक सांगतो, इथे लोक कुठे अडकतात. अभ्यासात नाही अडकत. फॉर्ममध्ये अडकतात. पुढच्या वर्षाचं री-रजिस्ट्रेशन आपोआप होत नाही, ते वेळेत भरावं लागतं. असाइनमेंट वेळेवर द्यावी लागते, तिचे मार्क धरतात. परीक्षेचा फॉर्म परीक्षेच्या बऱ्याच आधी भरायचा असतो, तेव्हा आपण सगळे दर्यावर. मागच्या वर्षी एका पोरीची असाइनमेंट लिहून तयार होती, फक्त पोचवायची राहिली. सहा महिने गेले.

स्वयम् नावाचं सरकारी पोर्टल आहे, २०१७ पासून. त्यावर देशातले चांगले प्राध्यापक शिकवतात, व्हिडिओ फुकट. सर्टिफिकेट हवं तर परीक्षा केंद्रावर जाऊन परीक्षा द्यायची, तिची फी कोर्समागे साधारण हजाराच्या आसपास. यूजीसीच्या २०२१ च्या नियमाप्रमाणे कॉलेजला डिग्रीतले ४० टक्क्यांपर्यंत कोर्स स्वयम् वरून धरता येतात. ढोबळ मानाने १२० पैकी ४८ क्रेडिट. ज्याला रोज बस पकडून कॉलेजला जाणं जमत नाही, त्याच्यासाठी हे मोठं आहे. पण कोणता कोर्स चालेल ते कॉलेज ठरवतं, म्हणून आधी कॉलेजची यादी बघा, मग नाव नोंदवा. आणि कॉलेजची फी तेवढ्या प्रमाणात कमी होईल या आशेवर राहू नका. वाचतो तो वेळ, हजेरी आणि बसभाडं. मच्छीमाराच्या घरात दिवसाची मजुरी बुडणं ही फीपेक्षा मोठी फी असते. गोव्यातल्या सरकारी आणि अनुदानित कॉलेजांची फी तशी कमीच आहे. तरी आपली पोरं का सोडतात? फीमुळे नाही, हातामुळे. घरात एक हात कमी पडतो म्हणून.

वेंगुर्ला, मालवणकडे ज्यांचे सोयरे आहेत त्यांना नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ माहीत असेल. तिथे मराठीत बीए करता येतं. ते राज्याचं विद्यापीठ असल्यामुळे त्याचं क्षेत्र महाराष्ट्रापुरतं आहे, गोव्यातल्या माणसाला इग्नूच सोयीचं. पण इग्नूची पुस्तकं मुख्यतः इंग्रजी आणि हिंदीत. याचं आम्हाला वाईट वाटतं. आमच्या पिढीचे कितीतरी जण मराठी शाळेतून हुशार म्हणून निघाले आणि इंग्रजीच्या पहिल्या पानावर बसले ते बसलेच.

दहावीच झाली नाही त्यांनी हे वाचून पान उलटू नये. एनआयओएस, राष्ट्रीय मुक्त शाळा, तिथे दहावी मराठी माध्यमातूनही देता येते. एकदा नोंदणी केली की पाच वर्षं मुदत. आणि पूर्वी बोर्डात जे विषय पास झालात त्यातले दोनपर्यंत विषय तिथे जमा धरतात, ते परत द्यावे लागत नाहीत. गणितात गेलेले आपल्यात किती आहेत! मराठी आणि समाजशास्त्र पास, गणित-विज्ञान नापास, आणि पंधरा वर्षं "मी नापास" म्हणून फिरतात. दोन वर्षांचा आयटीआय केलेल्यांनाही तिथे थोडे विषय देऊन दहावीची समकक्षता मिळवता येते. दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय असेल तर पॉलिटेक्निकच्या डिप्लोमाला थेट दुसऱ्या वर्षात, आणि डिप्लोमा झाला तर इंजिनियरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षात जायची वाट आहे. डिझेल मेकॅनिक झालेल्या पोराला हे कोणी सांगितलेलं असतं का?

आता जरा कडू बोलतो. आपल्याच एका सभासदाने एजंटला चाळीस हजार रोख दिले. एजंट म्हणाला, "क्रेडिट ट्रान्सफर करून एका वर्षात बीकॉम, परीक्षेला जायची गरज नाही." कागद आला, सोनेरी शिक्का, होलोग्राम, सगळं. नोकरीच्या ठिकाणी पडताळणीत तो कागद परत आला. पोराची नोकरी गेली, वर लाज. ज्या दिवशी कोणी "परीक्षा नको" म्हणेल त्या दिवशी उठून चालू लागा. क्रेडिट विकत मिळत नाहीत, पेपर देऊनच मिळतात. दूरशिक्षणाला परवानगी असलेल्या विद्यापीठांची यादी यूजीसीच्या साइटवर असते, खोट्या विद्यापीठांचीही असते. आता दूरशिक्षणाच्या प्रवेशाला डीईबी आयडी नावाचा नंबर काढावा लागतो. तो विद्यार्थ्याने स्वतः काढायचा, एजंटला ओटीपी द्यायचा नाही. इंजिनियरिंग, नर्सिंग, फार्मसी या डिग्र्या दूरशिक्षणाने होत नाहीत. कोणी देतो म्हणाला तर तो फसवतोय. मान्यताप्राप्त विद्यापीठाची दूरशिक्षणाची बीए, बीकॉम मात्र रेग्युलर डिग्रीइतकीच धरायची, हे यूजीसीने २०२२ मध्ये पुन्हा स्पष्ट केलं आहे. "बाहेरून केलेली डिग्री चालत नाही" असं म्हणणाऱ्याला तो कागद दाखवा, प्रिंट ऑफिसात आहे.

एक नाराजी आमची सरकारवर पण आहे. २०२३ च्या राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात कामाच्या अनुभवालाही क्रेडिट देता येतील असं म्हटलंय. वाचायला फार बरं वाटतं. आपला तांडेल वीस वर्षं वाऱ्याचं तोंड बघून बोट परत आणतो, जीपीएस चालवतो, दहा माणसांचा पगार आणि बर्फ-डिझेलचा हिशोब तोंडी ठेवतो. याचे क्रेडिट किती? मोजायला आमच्या जेट्टीवर अजून कोणी आलेलं नाही. मत्स्य खात्याकडे आणि विद्यापीठाकडे ही मागणी सोसायटीने ठरावाने करावी, असं आमचं मत आहे.

काही बोटमालक म्हणतील, सेक्रेटरी पोरांना शिकवून दर्यापासून तोडतोय. आधीच खलाशी ओडिशा-झारखंडातून आणावे लागतात. ही भीती खोटी नाही, आम्हालाही ती आहे. पण बघा, बाहेरच्या कॉलेजात दीड लाख भरून पाठवलेला पोरगा तर हमखास जातो. घरात राहून, बोटीवर येऊन, जूनमध्ये पेपर देणारा पोरगा निदान तीन-चार वर्षं तरी आपल्याबरोबर असतो. पुढे राहील की जाईल ते त्याचं तो बघेल. आणि मत्स्य संपदा योजनेचा एक फॉर्म भरायला आपण बाहेरच्या माणसाला पैसे देतो. सोसायटीचे हिशोब लिहिणारी आपल्या वाड्यावरची एक बीकॉम पोरगी नाही. याचा विचार बोटमालकांनीच करायचा.

पोरींबद्दल वेगळं सांगत नाही. इग्नूचा फॉर्म भरायला आतापर्यंत जेवढे आले त्यात पोरी आणि सुना जास्त होत्या. पहाटे आईबरोबर लिलावाला, दुपारी पुस्तक. त्यांना सांगावं लागत नाही, फक्त सासरच्यांनी आडवं येऊ नये.

सोसायटी दर वर्षी गुणवंतांचा सत्कार करते. शाल, श्रीफळ, ट्रॉफी, मंडप, माईक, जेवण. त्याच फंडातून यंदा सत्कार साधा करावा आणि उरलेल्या पैशातून सभासदांच्या मुलांची परीक्षा फी आणि स्वयम् ची फी भरावी, असा प्रस्ताव आम्ही वार्षिक सभेत मांडणार आहोत. ९० टक्केवाल्याला ट्रॉफी द्याच. पण अर्ध्यावर थांबलेल्याला पेपरची फी जास्त लागते. काही संचालकांना हे पटलेलं नाही, ते म्हणतात सत्काराने मुलांना हुरूप येतो. सभेत बोलू, उघडपणे बोलू.

तोपर्यंत, येत्या रविवारी दुपारी चारला ऑफिस उघडं आहे. आधार कार्ड, आधारला जोडलेला मोबाईल (आईचा नंबर असेल तर आईला घेऊन या, ओटीपीसाठी), आणि असतील ती सगळी मार्कशीटं आणा, नापासाची पण. फाटकी, भिजलेली चालतील. इंजिनवाल्या भाऊंनाही आम्ही खास बोलावलं आहे. त्यांचा पोरगा येणार म्हणालाय.