नक्षत्र आपलं, पण वाहन कुणाचं?

कॅम्प २ मधून लिहितोय. आज राबाची नोंद नाही, आज जरा भांडायचंय.

मे संपत आला की प्रत्येक शेतकरी गटात एक तक्ता फिरायला लागतो. पहिल्या रकान्यात पावसाची नक्षत्रं, दुसऱ्यात तारखा, तिसऱ्यात बेडूक, म्हैस, गाढव, कोल्हा. खाली ठळक अक्षरात, "त्यानुसार पेरणीचं नियोजन करावे." आमच्या ओळखीतल्या एकाने असंच वाहन जोरदार आहे म्हणून धूळवाफेवर भात पेरून टाकलं. पुढचे बारा दिवस आभाळ कोरडं. बियाणं मुंग्यांनी आणि पाखरांनी खाल्लं, दुसरी पिशवी विकत आणावी लागली. तक्ता पाठवणारा मात्र पुढच्या नक्षत्राचं वाहन पाठवून मोकळा झाला.

माझं भांडण नक्षत्राशी नाही. तिसऱ्या रकान्याशी आहे.

पहिले दोन रकाने निव्वळ गणित आहे आणि ते चोख आहे. सूर्याच्या वाटेचे सत्तावीस भाग केले की एकेका भागात तो तेरा-चौदा दिवस राहतो. मृग ७-८ जूनला लागतं, आर्द्रा २१-२२ जूनला, मग पुनर्वसू, पुष्य. हे शेतकऱ्याचं पंधरवड्याचं कॅलेंडर आहे. यात अंधश्रद्धा कसली?

आता वाहन कसं काढतात ते बघा. सूर्य नव्या नक्षत्रात शिरतो त्या वेळी चंद्र कुठल्या नक्षत्रात आहे ते पाहायचं. सूर्याच्या नक्षत्रापासून चंद्राच्या नक्षत्रापर्यंत मोजायचं आणि नऊने भागायचं. बाकी एक उरली तर घोडा, दोन कोल्हा, तीन बेडूक, चार मेंढा, पाच मोर, सहा उंदीर, सात म्हैस, आठ गाढव, काहीच उरलं नाही तर हत्ती. झालं! यात वारा नाही, ढग नाही, समुद्र नाही, तुमच्या जमिनीची ओल नाही. शिवाय वाहन अख्ख्या महाराष्ट्राला एकच. आमच्या वांगणीच्या खाचराला जो बेडूक, तोच माणदेशातल्या मटकीला. दोघांकडे पाऊस सारखा पडतो का हो?

माणदेश तर लांब राहिला. २६ जुलै २००५ घ्या. सूर्य पुष्यात होता. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस, आणि त्याच मुंबईत कुलाब्याला पंचाहत्तरच्या आत. दिवस एक, नक्षत्र एक, वाहन एक. मग त्या जनावराने कुलाबा ओळखला कसा आणि सांताक्रूझ विसरला कसा, हे तक्तेवाल्यांनी सांगावं. पुनर्वसूच्या पावसाला आपण तरणा म्हणतो आणि पुष्याच्या पावसाला म्हातारा. त्या म्हाताऱ्याने २००५ ला उल्हास नदी घरात आणली. २०१९ च्या जुलैअखेर त्यानेच बदलापूर-वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस हजारावर प्रवाशांसकट पाण्यात उभी केली. नावं गोड आहेत, पण नावावर राब टाकत नाहीत.

कुणी म्हणेल, हे सगळं शास्त्रात लिहिलंय. बरं, शास्त्रच बघू. सूर्याची मृगात शिरायची तारीख ऋतूच्या मानाने साधारण ७२ वर्षांत एक दिवस पुढे सरकते. वराहमिहिर सहाव्या शतकातला. त्याच्या काळी ऋतूच्या हिशेबाने मृग आजच्यापेक्षा सुमारे तीन आठवडे आधी, म्हणजे आपल्या मेच्या मध्याला लागत होतं. तेव्हा कुठला पाऊस? मृग आणि पेरणी ही जोडी कुठल्या ग्रंथाने बांधून दिलेली नाही. ती आपल्या अलीकडच्या पिढ्यांनी बांधावर उभं राहून, आभाळ बघून जमवली. श्रेय त्यांचं आहे, पंचांगवाल्याला कशाला द्यायचं?

नावामागच्या कथाही एकदा नीट वाचा. ऐतरेय ब्राह्मणात मृगाची गोष्ट आहे ती पावसाची नाहीच. प्रजापती हरिण होऊन स्वतःच्या मुलीच्या मागे लागतो, देव चिडतात, रुद्र बाण मारतो. ते हरिण म्हणजे मृग, मारणारा व्याध, ती मुलगी रोहिणी, आणि ओळीतले तीन तारे म्हणजे बाण. लोकमान्य टिळकांनी १८९३ साली 'ओरायन' लिहून याच मृगावरून वेदांचा काळ मोजायचा प्रयत्न केला. पेरणीचा सल्ला त्यांनी दिला नाही! आणि गंमत म्हणजे मृग नक्षत्र चालू असताना मृग दिसतच नाही. सूर्य त्याच भागात असतो ना. मृग बघायचा तर डिसेंबर-जानेवारीत, भाताची मळणी उरकल्यावर. कॅम्प २ च्या गच्चीवरून, एवढ्या दिव्यांच्या उजेडातही ते तीन तारे ओळखू येतात. पोरांना दाखवा.

मला सगळ्यात आवडतो तो हस्त. संस्कृतात हस्त म्हणजे हात, पाच तारे म्हणजे पाच बोटं. पण आपल्या लेकीबाळींनी त्याचा हत्ती केला. भोंडल्याला, हादग्याला पाटावर मधोमध हत्ती काढून त्याच्याभोवती फेर धरायचा. चुकलं का? अजिबात नाही. सोंड हाच हत्तीचा हात, म्हणून तर तो हस्ती. सप्टेंबरअखेरचा तो गडगडाटी परतीचा पाऊस हत्तीसारखाच येतो. हा अर्थ माणसांनी पाऊस अंगावर घेऊन लावलाय. भागाकाराच्या बाकीतून निघालेला हत्ती वेगळा आणि हा वेगळा. पण हा लाडका हत्ती आमच्या हळव्या भातावर नेमका कापणीच्या तोंडावर येतो, हेही लिहून ठेवा.

तेच स्वातीचं. स्वातीचा थेंब शिंपल्यात पडला की मोती होतो म्हणतात. सोलापूरच्या ज्वारीवाल्याला तो मोतीच आहे. आमच्याकडे त्याच वेळी कापलेलं भात खाचरात आडवं पडलेलं असतं. २०१९ च्या ऑक्टोबरअखेर अरबी समुद्रात क्यार वादळ आलं, ऐन स्वातीत. कोकणात कापलेल्या भाताला शेतातच कोंब फुटले. कुठला मोती आणि कुठला शिंपला?

म्हणजे नक्षत्र सगळीकडे एकच असलं तरी त्याचा अर्थ जमीन ठरवते. आमच्या चाळीतले एक सिंधी काका सांगायचे की त्यांच्या वडिलांना सिंधमध्ये आर्द्रा-बिर्द्रा काही ठाऊक नव्हतं, कालव्याला पाणी कधी सुटणार एवढंच ठाऊक. सक्करचा बंधारा १९३२ ला सुरू झाला, त्यावरची शेती. फाळणीनंतर इथल्या लष्करी छावणीत येऊन पडल्यावर पहिल्या पावसाळ्यात ते घाबरूनच गेले होते म्हणे.

आता जरा कृषी सहायक आणि विद्यापीठातल्या साहेबांकडे वळतो. तुम्ही सल्ला देता तो "हवामान आठवडा २४" अशा भाषेत. आमच्या बांधावर चोविसावा आठवडा कुणाला कळतो? मृगाचा दुसरा आठवडा म्हणा, आजीबाईसुद्धा मान डोलावेल. एक नक्षत्र म्हणजे जवळपास तुमचे दोन आठवडे. हवामान खात्याचा विस्तारित अंदाज दर गुरुवारी येतो, तो नक्षत्राच्या नावाने सांगायला काय हरकत आहे? तुम्ही ती भाषा टाकून दिलीत, आणि त्या रिकाम्या जागेत बेडूक येऊन बसला. यात निम्मा दोष तुमचाही आहे.

मान्सूनही काही मृगाची वाट बघत नाही. मुंबईला त्याची सरासरी तारीख ११ जून. पण २०२३ मध्ये तो २५ जूनला आला, म्हणजे आर्द्रात. २०२५ मध्ये २६ मेला आला, म्हणजे रोहिणीत. ७ जूनला डोळे मिटून पेरणारा दोन्ही वर्षी अडचणीत. घाटावरच्यांनी ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होईपर्यंत तिफण बाहेर काढू नये, हा कृषी खात्याचा सल्ला कुठल्याही म्हशीपेक्षा भरवशाचा. आपल्याकडे राब टाकताना मंगळवार-शुक्रवारचा कृषी हवामान सल्ला बघा आणि रोप लावणीला किती दिवसांचं होईल ते मोजा. एकवीस ते पंचवीस दिवसांचं आवण पाऊस नाही म्हणून चाळीस दिवस राबात उभं राहिलं, तर फुटवे कुठून येणार?

ज्यांना वाहनाची बाजू घ्यायचीय त्यांनी जरूर घ्यावी. एकच अट. मृगापासून स्वातीपर्यंत प्रत्येक नक्षत्राचं वाहन आधी लिहून ठेवा, शेजारी आपल्या गावाच्या पर्जन्यमापकाचा आकडा मांडा, आणि दिवाळीनंतर ती वही इथे टाका. मी माझी टाकणार आहे.