ओरिजिनलच्या नावानं उकळणारी मंडळी

मे महिन्यात नांदगावला यायचं तर जुनी गाडी आणायची नाही, असा आमच्या ग्रुपमध्ये एक अलिखित ठराव झालाय. 'डिसेंबरात जाऊ रे', 'एक पाऊस पडू दे मग बघू' वगैरे. आता गाव माझं, त्यामुळे अपमानही माझाच. शिवाय आज शनिवार आहे, डिप्लॉयमेंट नाही, दुसरा चहा झालाय. तेव्हा ह्या ठरावाला माझा विरोध सविस्तर नोंदवून टाकतो.

गाडी म्हणजे एमजी-बी. १९६२ ते १९८० ह्या काळात ब्रिटनमध्ये बनलेली दोन सीटांची स्पोर्ट्स कार, १७९८ सीसीचं इंजिन. आमच्या पुण्यातल्या एका मित्राकडे आहे. लगेच 'बड्या लोकांचे चोचले' म्हणून नाक मुरडू नका. हे इंजिन ज्या बी-सिरीज घराण्यातलं आहे, त्यातलंच १४८९ सीसीचं भावंडं आपल्या अँबॅसेडरमध्ये कित्येक वर्षं बसत होतं. म्हणजे ही परदेशी पाहुणी नव्हे, आपल्या तहसीलदाराच्या गाडीची चुलत बहीण आहे. जरा नट्टापट्टा करणारी, एवढंच.

तर ही बहीण उन्हाळ्यात येवल्यापर्यंत नीट येते, अनकाई-टनकाई दिसू लागले की काटा वर चढायला लागतो, आणि मनमाडच्या गर्दीत पानेवाडीच्या डेपोंचे टँकर पुढेमागे आले की बॉनेटमधून वाफ. ह्यावर उपाय काय, ह्यावरून जगात दोन पंथ आहेत. माझं भांडण दोन्हींशी आहे.

पहिला पंथ ओरिजिनलवाल्यांचा. ह्यांच्या मते फॅक्टरीतून जो रेडिएटर आला तोच धर्म. पंखा बदलला तर पाप, कॅप बदलली तर प्रायश्चित्त. गाडी तापते? मग उन्हाळ्यात काढू नका.

ह्या मंडळींसाठी थोडं पाचवीतलं गणित. रेडिएटर किती उष्णता बाहेर टाकेल हे मुख्यतः पाणी आणि हवा ह्यांच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. पाणी ९० अंशांवर आहे असं धरा. इंग्लंडातल्या सुखद दुपारी हवा २० अंश, म्हणजे फरक ७०. आमच्याकडे मे महिन्यात हवा ४३ अंश, फरक ४७. तोच रेडिएटर, तोच पंखा, तोच वेग, आणि क्षमता उरली साधारण दोन तृतीयांश. तापलेल्या डांबरालगतची हवा आणखी गरम असते, तो हिशोब मी धरलेलाच नाही. ज्या डिझायनरनं हा रेडिएटर काढला तो बिचारा काही मूर्ख नव्हता. त्याच्या रिक्वायरमेंट डॉक्युमेंटमध्ये नांदगाव नव्हतं, एवढंच!

आणि 'ओरिजिनल' म्हणजे नक्की कुठल्या वर्षीचं? कंपनीनं स्वतःच ही गाडी जन्मभर बदलली. आधी डायनॅमो होता, साठच्या दशकाच्या शेवटी अल्टरनेटर आला. १९७६ मध्ये तर रेडिएटर पुढे सरकवला आणि इंजिनवर फिरणारा पंखा काढून इलेक्ट्रिक पंखा दिला. जे बदल कंपनीनं केले ते इतिहास, आणि तेच आपण केले की भ्रष्टाचार? हा कुठला न्याय?

कायद्याचं म्हणाल तर केंद्र सरकारनं २०२१ मध्ये व्हिंटेज वाहनांचे नियम काढले. ५० वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात राखलेली गाडी. पण मोठे फेरफार कशातले, तर तिथे नावं आहेत चासी, बॉडी शेल आणि इंजिन. रेडिएटरचा पंखा त्या यादीत नाही. सरकारसुद्धा आमच्या मित्रमंडळापेक्षा उदार निघालं, आता बोला.

मुख्य म्हणजे स्पोर्ट्स कारमधली सगळ्यात ओरिजिनल गोष्ट कुठली? ती पळते, ही. तीच काढून घेतलीत तर उरतं ते शोकेसमधलं खेळणं. उभी राहून राहून सील सुकतात, इंजिनाच्या पोटातल्या पाण्याच्या वाटा गंजतात. मुंबईची काळी-पिवळी पद्मिनी ऑक्टोबर २०२३ पर्यंत रस्त्यावर होती. ती टिकली कारण ती रोज कामावर जात होती. कुठल्याही टॅक्सीवाल्यानं 'माझा कोअर मूळ कारखान्यातला आहे हो' म्हणून गिऱ्हाईक नाकारलं नाही.

हे वाचून दुसरा पंथ टाळ्या वाजवत असेल. थांबा, तुमचाही नंबर आहे.

दुसरा पंथ 'मोठा टाका'वाल्यांचा. तापतेय? ॲल्युमिनियमचा भला मोठा रेडिएटर मागवा. तरी तापतेय? दोन पंखे लावा. तरीही तापतेय? मग ते ब्रह्मवाक्य येतं : 'साहेब, वॉल्व काढून टाकू, टेन्शनच नको.' वॉल्व म्हणजे थर्मोस्टॅट. ह्याच मित्राच्या गाडीतून एका गॅरेजवाल्यानं तो दहा मिनिटांत काढला आणि आठवण म्हणून डिकीत ठेवून दिला. त्यानंतर गाडी डिसेंबरात पहाटे गरमच होईना आणि मे महिन्यात थंडच होईना. ह्याला म्हणतात सोल्यूशन.

आमच्या धंद्यातल्या लोकांना हा प्रकार ओळखीचा वाटेल. सर्व्हर हँग होतोय, मेमरी लीक आहे, आणि मॅनेजर म्हणतो रॅम वाढवा. रॅम वाढते, क्रॅश मंगळवारऐवजी गुरुवारी होतो, आणि सगळे एकमेकांना कौतुकाचं मेल पाठवतात.

थर्मोस्टॅट हा अडथळा नाही, तो कंट्रोलर आहे. इंजिन गार असताना पाणी आतल्या आत फिरवायचं, आणि ठरलेल्या तापमानाला (बऱ्याच जुन्या ब्रिटिश गाड्यांत ८२ अंश, उष्ण देशांसाठी ७४) रेडिएटरची वाट उघडायची हे त्याचं काम. तो काढला की हिवाळ्यात इंजिन कायम गारठलेलं, पेट्रोल जास्त, ऑइलमध्ये पेट्रोल मिसळून झीज जास्त. काही जुन्या इंजिनांत तर थर्मोस्टॅट उघडतानाच बायपासची वाट बंद करतो. तिथे तो काढलात की थोडं गरम पाणी रेडिएटरला न भेटताच परत इंजिनात! आणि हो, 'थर्मोस्टॅट नसला की पाणी इतकं जोरात पळतं की त्याला थंड व्हायला वेळच मिळत नाही' ही लोककथा कृपया आता बंद करा. पाणी एका फेरीत कमी थंड होतं, पण फेऱ्या तेवढ्याच वाढतात.

आता पाणी. आमचा भाग पाणीटंचाईसाठी प्रसिद्ध, मनमाडचं नाव तर उभ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. जे मिळतं ते बहुतेकदा बोअरचं, जड, क्षारांनी भरलेलं. आमच्या घरच्या चहाच्या पातेल्याच्या बुडाशी पांढरा थर बसतो, तोच थर इंजिनाच्या आत बसतो, फक्त तिथे तो दिसत नाही. धातू आणि पाणी ह्यांच्यात तो गोधडीसारखा पसरतो. नांदगाव रेल्वेचं गाव आहे, इथल्या जुन्या माणसांना हे शिकवायला नको. वाफेच्या इंजिनांच्या काळात बॉयलरमधल्या क्षारांशी झुंजणं हा रेल्वेचा रोजचा उद्योग होता. आणि आपण बिसलेरीच्या रिकाम्या बाटलीत नळाचं पाणी भरून नव्या ॲल्युमिनियम रेडिएटरमध्ये ओततो. ॲल्युमिनियम हलकं असतं, झकास दिसतं, पण गंजरोधक कूलंटशिवाय असल्या पाण्यात त्याला बघता बघता भोकं पडतात. मग 'चायना माल' म्हणून शिव्या द्यायच्या.

मग करायचं काय? अपग्रेडच करायचं, पण सुट्या पार्टचं नाही, अख्ख्या सिस्टिमचं. आणि क्रम महत्त्वाचा.

आधी मोजा. डॅशबोर्डवरच्या पन्नास-साठ वर्षं जुन्या काट्यावर विश्वास ठेवू नका, इन्फ्रारेड थर्मामीटर घ्या. रेडिएटरच्या वरच्या आणि खालच्या नळीचं तापमान बघा. वरची कढत आणि खालची फारच गार असेल तर पाणी वाहत नाहीये. दोन्ही कढत असतील तर उष्णता बाहेर जात नाहीये. अर्धं निदान इथेच होतं.

मग इग्निशन टायमिंग आणि कार्बोरेटर. टायमिंग मागे पडलं किंवा मिश्रण पातळ झालं तर इंजिन जास्तच तापतं, आणि त्याचा दोष रेडिएटरच्या माथी येतो.

मग ब्लॉक. वेल्श प्लग काढून आतला गाळ बाहेर. तो नेमका सगळ्यात मागच्या सिलिंडरपाशी साचतो, म्हणून नुसतं फ्लशिंग पुरत नाही.

मग चांगला थर्मोस्टॅट, नवी कॅप, नव्या नळ्या, ताणलेला पट्टा. कॅपला कमी लेखू नका. उघड्या भांड्यात पाणी १०० अंशांना उकळतं, ७ पाउंडाच्या कॅपखाली साधारण १११ अंशांना. पण जुन्या रेडिएटरवर उगाच जास्त दाबाची कॅप लावाल तर सांधे सुटतील. डिमिनरलाइज्ड पाणी आणि कूलंट निम्मं निम्मं. बर्फाची भीती नांदगावात कुणाला नाही, पण कूलंटमधलं गंजरोधक आपल्याला हवंय.

हे सगळं झाल्यावर रेडिएटर. तोही जुन्याच पितळी टाक्या ठेवून आत जास्त ओळींचा नवा कोअर. हे काम करणारे कारागीर ट्रकवाल्यांच्या कृपेनं आपल्याकडे अजून आहेत. बाहेरून गाडी तीच दिसते, ओरिजिनलवाल्यांचाही आत्मा शांत. पंख्याभोवती आच्छादन लावा, नाहीतर तो रेडिएटरमधून हवा ओढण्याऐवजी आजूबाजूचीच घुसळत बसतो.

सगळ्यात शेवटी इलेक्ट्रिक पंखा. मूळ पंखा इंजिनच्या वेगानं फिरतो, म्हणजे ट्रॅफिकमध्ये, नेमका जेव्हा हवा तेव्हा, तो सुस्त. पण डायनॅमोवाली गाडी असेल तर आधी विजेचा हिशोब करा. त्या काळचा लुकासचा डायनॅमो फार तर २२ अँपिअर देतो, आणि आयडलिंगला जवळजवळ काहीच नाही. आणि १९६७ पर्यंतच्या एमजी-बीत पॉझिटिव्ह अर्थ आहे. वायरी सवयीनं जोडल्यात तर पंखा उलटा फिरेल आणि समोरून येणाऱ्या हवेशीच कुस्ती खेळेल. काढलेला प्रत्येक मूळ पार्ट फडक्यात गुंडाळून माळ्यावर ठेवा. पुढच्या मालकाला रोलबॅक करता यायला हवा.

'एवढी यातायात कशाला, एसी गाडी काढ ना', असं म्हणणारे भेटतातच. त्यांना उत्तर नाही. पण ज्यांनी ही गाडी घेतलीये त्यांनी ती हौसेनं घेतलीये, आणि हौस आठ महिने चालू, चार महिने कव्हरखाली, असं नसतं. शिवाय तापलेली गाडी हा निव्वळ हौसेचा प्रश्न नाही. हेड वाकतं, गॅस्केट जातं, आणि घाईनं कॅप उघडणाऱ्याचा हात भाजतो. रस्त्याच्या कडेला टँकरच्या रांगेत बंद पडलेली बुटकी गाडी मागच्या ड्रायव्हरला दिसतसुद्धा नाही.

म्हणून ठराव मागे घ्या. येत्या मे महिन्यात, भर दुपारी, त्याच रस्त्यानं नांदगावला या. पटलं नसेल तर भांडायलाही या, जेवण माझ्याकडे. फक्त येताना 'आमचा मेकॅनिक म्हणतो' हे वाक्य घरी ठेवा आणि थर्मामीटर घेऊन या.