मऊ चप्पल की कडक?

कोल्हापुरी घेताना आमच्या पणदऱ्याकडं सगळे आधी ती वाकवून बघतात. मऊ लागली की झाली पसंत! मला हे अजिबात पटत नाही.

अस्सल कोल्हापुरीचा तळ म्हशीच्या कातड्याचा, तोही बाभळीच्या सालीत नि हिरड्यात मुरवलेला. त्याला कित्येक आठवडे जातात. क्रोमवर कमावलेलं कातडं एक-दोन दिवसांत तयार होतं. मऊ, एका रंगाचं. पर्सला, जॅकेटला ते छानच, त्याबद्दल वाद नाही. पण तळाला? तिथं कडकच हवं. पहिले आठ दिवस चावेल, मग तुमच्याच पायाचा साचा धरेल. (पावसात मात्र घालू नका हं, आणि अधूनमधून तेलाचा हात फिरवा.) नाजूक वेणीला शेळीचं, पातळ पण चिवट. पारख सोपी आहे, कापलेली कड बघा. सालीचं कातडं आतपर्यंत तपकिरी असतं, क्रोमचं बऱ्याचदा निळसर-करडं.

२०१९ साली या चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं. जून २०२५ मध्ये प्राडानं मिलानमध्ये तशीच चप्पल नाव न घेता मिरवली, तेव्हा आपण सगळे केवढे खवळलो! आणि तेच आपण दुकानात शंभर रुपयांसाठी अर्धा तास घासाघीस करतो. ज्यांनी कातडं कमावलं त्यांना गावानं पिढ्यान् पिढ्या वेशीबाहेर ठेवलं. त्याबद्दल कुणी खवळल्याचं मला तरी आठवत नाही.