हातात ब्रश, डोक्यात दुसऱ्यांची चित्रं : जितीश कल्लाट यांच्या निमित्ताने 'कलाकार-क्युरेटर' हे प्रकरण समजून घेऊ

डिसेंबर २०२५ मध्ये कोची-मुझिरिस बिएनालेची सहावी आवृत्ती सुरू झाली. तिचा क्युरेटर निखिल चोप्रा. परफॉर्मन्स करणारा कलाकार, आणि सोबत गोव्यातली त्याची एचएच आर्ट स्पेसेस ही संस्था. त्याआधी २०२२ मध्ये शुबिगी राव, २०१८ मध्ये अनिता दुबे, २०१६ मध्ये सुदर्शन शेट्टी, २०१४ मध्ये जितीश कल्लाट. आणि अगदी पहिल्या वेळी, म्हणजे २०१२ मध्ये, बोस कृष्णमाचारी आणि रियास कोमू.

या यादीत एक गोष्ट लगेच दिसते. एकही जण 'फक्त क्युरेटर' नाही. सगळे स्वतः कलाकार. भारतातलं सगळ्यात मोठं समकालीन कलाप्रदर्शन प्रत्येक वेळी एखाद्या कलाकाराच्याच हातात दिलं जातं.

दुसरी गोष्ट जरा शोधावी लागते, पण मराठी माणसाला ती जास्त जवळची आहे. कृष्णमाचारी, कोमू, कल्लाट, शेट्टी हे चौघेही मुंबईच्या जेजेचे, म्हणजे सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे विद्यार्थी. पहिल्या तिन्ही बिएनाले जेजेच्या माणसांनी घडवल्या, आणि त्या झाल्या केरळात. मुंबईत नाही.

पण क्युरेटर करतो काय?

भिंतीवर चित्रं टांगतो, असा एक समज आहे. लग्नात स्टेज सजवणाऱ्याला लग्न लावणारा म्हणण्यासारखं आहे ते. प्रदर्शनात नेमका कोणता प्रश्न विचारायचा हे क्युरेटर ठरवतो. त्या प्रश्नाला कोणाचं काम भिडतं ते शोधतो, काहींना नवं काम करायला सांगतो. कुठलं काम कुठल्या खोलीत, कशाच्या शेजारी, किती उजेडात हेही तोच ठरवतो. शेजार बदलला की कामाचा अर्थ बदलतो. शिवाय वाहतूक, कस्टम्स, विमा, गळकी छपरं आणि न आलेले पैसे यांच्याशी झगडणं आलंच.

हे काम कलाकाराने केलं तर काय फरक पडतो, हे बघायला कल्लाट यांची कारकीर्द सोयीची आहे. कारण त्यांच्यात चित्रकार कुठे संपतो आणि क्युरेटर कुठे सुरू होतो, ते सांगणं अवघड आहे.

मुंबईचा चित्रकार

कल्लाट यांचा जन्म १९७४ चा, मुंबईतला. १९९६ मध्ये ते जेजेतून बाहेर पडले आणि पुढच्याच वर्षी केमोल्डने त्यांचं पहिलं एकल प्रदर्शन भरवलं. सुरुवातीच्या कामात मुंबई ठासून भरलेली आहे. 'रिक्षापोलिस' नावाच्या चित्रमालिकेत रिक्षा, बस, माणसं, सायकली एकमेकांत घुसून गुंता होतो. त्या काळातले काही मोठे कॅनव्हास ब्राँझच्या विचित्र प्राण्यांवर टेकवलेले असायचे. ते प्राणी आले सीएसएमटीच्या इमारतीवरून. रोज लाखो लोक ज्यांच्या खालून लोकल पकडायला धावतात आणि मान वर करून बघत नाहीत, तेच. मग जळक्या रिक्षेचा आणि पाण्याच्या टँकरचा हाडांचा सांगाडा करून त्याला डायनासोरसारखी नावं देणं, हेही त्यांनी केलं.

जगभर नाव झालं ते मात्र भाषणांमुळे.

२००३ मध्ये त्यांनी 'पब्लिक नोटिस' केलं. नेहरूंचं १४ ऑगस्ट १९४७ च्या मध्यरात्रीचं भाषण त्यांनी आरशांवर चिकट द्रवाने हाताने लिहिलं आणि पेटवून दिलं. अक्षरं जळून काळी झाली, आरसे वाकडे झाले. भाषण वाचायला जाणाऱ्याला त्यात स्वतःचा वेडावाकडा चेहरा दिसतो. गुजरात दंगलींनंतरच्या वर्षातलं हे काम आहे, हे वेगळं सांगायची गरज पडत नाही.

२००७ च्या 'पब्लिक नोटिस २' मध्ये दांडीयात्रेच्या आदल्या दिवशीचं, ११ मार्च १९३० चं गांधीजींचं भाषण आहे. प्रत्येक अक्षर हाडाच्या आकाराचं, अशी सुमारे साडेचार हजार अक्षरं फळ्यांवर मांडलेली. वाचायला गेलं की एखाद्या उत्खननात उभं असल्यासारखं वाटतं.

तिसरं काम शिकागोत. विवेकानंदांचं सर्वधर्म परिषदेतलं भाषण ११ सप्टेंबर १८९३ चं, आणि ते झालं त्या इमारतीत आज आर्ट इन्स्टिट्यूट ऑफ शिकागो हे संग्रहालय आहे. तारीख पुन्हा वाचा : ११ सप्टेंबर. कल्लाट यांनी ते भाषण २०१० मध्ये त्याच संग्रहालयाच्या मोठ्या जिन्याच्या ११८ पायऱ्यांवर दिव्यांनी लिहिलं. दिव्यांचे रंग पाच. अमेरिकन सरकार दहशतवादी हल्ल्याच्या धोक्याची पातळी ज्या पाच रंगांत जाहीर करायचं, तेच. सहिष्णुतेचं भाषण, वर धोक्याचे रंग, आणि बघणारा त्यावरून पायऱ्या चढतोय.

या तिन्ही कामांत कल्लाट यांनी स्वतःचा एकही शब्द लिहिलेला नाही. आधीच असलेली वस्तू निवडली, तिची जागा बदलली, शेजारी दुसरं काहीतरी ठेवलं. हे जवळजवळ क्युरेटरचंच काम झालं. म्हणूनच २०१४ मध्ये बिएनाले त्यांच्याकडे गेली तेव्हा चित्रकाराने पेशा बदलला असं म्हणता येत नाही.

आक्षेपही इथेच घेता येतो. नेहरू, गांधी, विवेकानंद यांची भाषणं मुळातच वजनदार आहेत, कलाकृतीला ते वजन फुकट मिळतं. शेजारची पाटी न वाचता शिकागोच्या जिन्यावरून गेलेल्या पर्यटकाला रंगीत दिव्यांपलीकडे काय मिळालं असेल, हा प्रश्न रास्त आहे. त्या मानाने २०१०-११ चं 'एपिलॉग' कमी बोलतं आणि जास्त लागतं. कल्लाट यांचे वडील ६३ वर्षं जगले. त्या आयुष्यात आकाशात आलेला प्रत्येक चंद्र, म्हणजे २२ हजारांहून जास्त चंद्र, त्यांनी छायाचित्रांत मांडले. चंद्राच्या जागी पोळी आहे. ती कलेकलेने खाल्ली जाते, पुन्हा भरते, पुन्हा खाल्ली जाते, आणि एका ठिकाणी थांबते. इथे पाटी लागत नाही.

कोची, २०१४

कल्लाट यांच्या बिएनालेचं नाव होतं 'व्होर्ल्ड एक्स्प्लोरेशन्स'. १२ डिसेंबर २०१४ ते २९ मार्च २०१५, १०८ दिवस, ३० देशांतले ९४ कलाकार. प्रश्न त्यांनी कोचीच्याच मातीतून उचलला. चौदाव्या ते सोळाव्या शतकात केरळात संगमग्रामच्या माधवाच्या परंपरेतले गणिती आकाशाचा हिशोब मांडत होते, अनंत श्रेणी शोधत होते. त्याच काळात १४९८ मध्ये वास्को द गामा याच किनाऱ्यावर उतरला. एकाची नजर वर आकाशात, दुसऱ्याची क्षितिजाच्या पलीकडच्या मिऱ्यांवर. दोघांनाही मोजमाप हवं होतं. पण त्यातून निघालं काय? एकीकडे गणित, दुसरीकडे साम्राज्य.

मग निवड आपोआप सुचत जाते. समुद्राला लागून असलेल्या ॲस्पिनवॉल हाउसमध्ये अनीश कपूर यांचा जमिनीत सतत फिरणारा काळ्या पाण्याचा भोवरा. चार्ल्स आणि रे ईम्स यांची १९७७ ची 'पॉवर्स ऑफ टेन' ही छोटी फिल्म, ज्यात कॅमेरा सहलीला आलेल्या माणसापासून विश्वाच्या कडेपर्यंत जातो आणि परत त्याच्या हातातल्या अणूपर्यंत शिरतो. दोन्ही कामं वेगवेगळी अनेकांनी पाहिली असतील. पण ज्या बंदरात गलबतं यायची तिथे ती एकत्र पाहणं, हा क्युरेटरचा हात.

याच वर्षी बिएनालेसोबत 'स्टुडंट्स बिएनाले' सुरू झाली. सरकारी कला महाविद्यालयांतल्या, गॅलरीचा उंबरा न पाहिलेल्या मुलांना त्यामुळे एकदम मोठा प्रेक्षक मिळाला.

अडचण कुठे आहे?

कलाकार कलाकारांची निवड करतो तेव्हा निवडणारा आणि निवडले जाणारे एकाच बाजारात असतात. त्याच गॅलऱ्या, तेच संग्राहक, तेच मित्र. जेजेच्या चौघांचा अभिमान वाटतो तसा तो संशयाचाही विषय आहे : मुंबईच्या एका छोट्या वर्तुळानेच देशाची 'समकालीन कला' ठरवली का? व्यावसायिक क्युरेटर या दोषापासून मुक्त असतात असं नाही, पण त्यांची स्वतःची चित्रं विकायची नसतात.

आणि क्युरेटरकडे नाव असतं, तिजोरी नसते. २०२२ मध्ये बिएनालेचं उद्घाटन १२ डिसेंबरला ठरलं होतं. ऐन वेळी ते २३ डिसेंबरवर गेलं. जगभरातून आलेले कलाकार अर्धवट हॉलमध्ये उभे होते, आणि त्यांनी आयोजकांच्या कारभारावर जाहीर पत्र लिहिलं. क्युरेटर शुबिगी राव यांच्या हातात त्यातलं बरंच काही नव्हतं, पण प्रदर्शनावर नाव त्यांचंच होतं.

त्यानंतरचे कल्लाट

२०१७ मध्ये दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात कल्लाट यांच्या २५ वर्षांच्या कामाचं मोठं प्रदर्शन झालं. ते मांडलं कॅथरीन डेव्हिड यांनी. २०१९ मध्ये व्हेनिस बिएनालेत आठ वर्षांनी भारताचं दालन उघडलं, त्यात त्यांचं 'कव्हरिंग लेटर' होतं : जुलै १९३९ मध्ये गांधीजींनी हिटलरला लिहिलेलं पत्र, धुक्याच्या पडद्यावर. पत्राच्या डोक्यावर पत्ता वर्ध्याचा. ब्रिटिश सरकारने ते पुढे जाऊ दिलं नाही. प्रेक्षक धुक्यातून चालत जातो तशी अक्षरं त्याच्या अंगावर विरतात.

२०२२ मध्ये इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनला त्यांनी 'टँगल्ड हायरार्की' हे प्रदर्शन क्युरेट केलं, पुढे ते कोचीलाही आलं. सुरुवात होते पाच वापरलेल्या पाकिटांपासून. २ जून १९४७, सोमवार. फाळणीची योजना जाहीर व्हायच्या आदल्या दिवशी माउंटबॅटन गांधीजींना भेटले. सोमवार म्हणजे गांधीजींचं मौन, म्हणून त्यांनी उत्तरं जुन्या पाकिटांच्या पाठीवर लिहून दिली. पाकिटं माउंटबॅटन यांच्या कागदपत्रांत राहिली. कल्लाट यांनी त्यांच्याभोवती तुटलेल्या जमिनींबद्दलची आणि तुटलेल्या शरीरांबद्दलची इतर कलाकारांची कामं लावली.

मुंबईत अजूनही कोचीसारखी बिएनाले नाही. बंद गिरण्या, गोदामं, बंदराच्या जागा होत्या, त्यातल्या बऱ्याच टॉवरांखाली गेल्या. कोचीत केरळ सरकारने पैसा घातला आणि मसाल्याची जुनी वखारं उघडून दिली. त्यामुळे १८५७ साली सुरू झालेल्या जेजेतल्या आजच्या मुलाला या पिढीने उभं केलेलं काम बघायचं असेल, तर त्याला लोकमान्य टिळक टर्मिनसवरून नेत्रावती एक्स्प्रेस पकडून एर्नाकुलमला उतरावं लागतं.