स्फटिकाला पॅच मारता येत नाही

आमच्या शिरूर कासारला माती परीक्षणाचा कागद येतो, त्यात जस्ताचा एक आकडा असतो आणि शेरा: कमी. मग काय, टाका झिंक सल्फेट! पण चुनखडीच्या जमिनीत ते कशाला चिकटून बसतं, पिकाला का मिळत नाही, हे कागद सांगत नाही. ते एक्स-रे शोषणाच्या मोजणीतून कळू शकतं. तिची सोय इंदूरला इंडस-२ सिंक्रोट्रॉनवर आहे.

हे ऑफिसात बोललो, तर एक मित्र म्हणे, "एवढं नाजूक यंत्र कशाला? साधा डेटा घ्या, बाकी सॉफ्टवेअर बघून घेईल."

इथेच माझं डोकं फिरतं.

सिंक्रोट्रॉनच्या किरणांत सगळ्या ऊर्जांची सरमिसळ असते. त्यातली हवी तेवढीच निवडतो मोनोक्रोमेटर, म्हणजे सिलिकॉनचे दोन समांतर स्फटिक. जस्तासाठी ९६५९ इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपास जायचं, तर सिलिकॉन १११ चा कोन येतो साधारण ११.८ अंश. आणि ऊर्जा एका इलेक्ट्रॉन-व्होल्टने सरकवायला तो बदलायचा फक्त ०.००१२ अंश! जस्ताच्या रूपातले फरक अशाच काही व्होल्टांच्या चढउतारांत दडलेले असतात.

त्यात पहिला स्फटिक किरणांनी तापून फुगतो, म्हणून त्याला थंड ठेवायचं. शिवाय तिप्पट ऊर्जेचे किरणही त्याच कोनातून गुपचूप घुसतात. ते नमुन्यातून फारसे न अडता पार होतात आणि शोषण आहे त्यापेक्षा कमी दिसतं. उपाय असा की दुसरा स्फटिक केसभर तिरका करायचा: हवे ते किरण थोडे घटतात, पण चोर जवळजवळ सगळे बाहेर.

आता सांगा, किती चोर घुसले होते हे डेटा फाइलमध्ये लिहिलेलं असतं का? जे नीट मोजलंच नाही, ते कोड कुठून आणणार?

उद्या लगेच बीडच्या शेतात जस्त सुटेल, असं मी म्हणत नाही. पण असा स्फटिक धरणारं, फिरवणारं, थंड ठेवणारं यंत्र बनवायला मेकॅनिकलची पोरं लागतात. ती आपल्याच कॉलेजांतून निघतात आणि कॅम्पसमधून थेट जावा शिकायला जातात. मीही तसाच गेलो, म्हणून हा राग आधी स्वतःवरच आहे.

असो. आपला बिल्ड फेल झाला की आपण पुन्हा रन मारतो. एकदा वाकड्या कोनातून मोजलं की हाती राहतो तो वाकडाच आकडा. बघा पटतंय का.