वारणेचा बांध



बांधाच्या भांडणाचे आपल्याकडे कुणाला नवल वाटत नाही. वीतभर जमिनीपायी सख्खे भाऊ एकमेकांचे तोंड पाहत नाहीत आणि कोर्टाच्या पायऱ्या नातवंडांपर्यंत झिजत राहतात. पण आपल्याच मुलखात एक बांध असा आहे, की तो ठरण्याआधी 24 वर्षे तलवारी चालल्या. शिराळा-वाळव्याची मंडळी रोज पाहतात ती वारणा नदी, हाच तो बांध.

हकीकत अशी. संभाजी महाराजांचे पुत्र शाहू लहानपणीच, 1689 साली, मोगलांच्या कैदेत पडले. (हे सातारचे शाहू महाराज, कोल्हापूरचे राजर्षी शाहू फार पुढचे.) 1707 साली औरंगजेब वारला आणि शाहूंची सुटका झाली. इकडे राजाराम महाराजांच्या पश्चात ताराबाईंनी सात वर्षे मोगलांशी झुंज देऊन राज्य राखले होते. शाहू म्हणाले, गादी माझी. ताराबाई म्हणाल्या, राज्य आम्ही राखले, गादी माझ्या मुलाची. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य होते, आणि भाऊबंदकीत नेमकी हीच अडचण असते.

12 ऑक्टोबर 1707 रोजी भीमेकाठी खेडला लढाई झाली. ताराबाईंचे सेनापती धनाजी जाधव शाहूंना जाऊन मिळाले आणि पारडे फिरले. 12 जानेवारी 1708 रोजी साताऱ्यात शाहूंना राज्याभिषेक झाला. ताराबाईंनी पन्हाळा-कोल्हापुराकडे आपली गादी मांडली. एका घराच्या दोन चुली झाल्या.

आता मंडळी, गंमत पाहा. धनाजींचे चिरंजीव चंद्रसेन 1711 साली साताऱ्यावर रुसले आणि ताराबाईंकडे गेले. पुढे तेथूनही उठून निजामाच्या पदरी राहिले. उदाजी चव्हाणांनी तर बत्तीस शिराळ्याला ठाण मांडून आसपासच्या गावांतून वसुली चालवली. एका धन्याने डोळे वटारले की दुसऱ्याचे दार उघडेच! दोन गाद्या असल्यामुळे सरदारांचा भाव वाढला. घोडी मात्र रयतेच्या उभ्या पिकातून दौडली.

कोल्हापूरच्या घरातही 1714 साली फूट पडली. ताराबाई आणि त्यांचा मुलगा कैदेत गेले, गादीवर सवतीचा मुलगा संभाजी बसला. पुढे निजामाने शाहूंची चौथाई अडवली. खरा धनी कोण ते आधी ठरू द्या, असा त्याचा कांगावा. संभाजी त्याला जाऊन मिळाले, पण 1728 साली बाजीराव पेशव्यांनी पालखेडला निजामाला कोंडून नमवले. त्यानंतरही संभाजींनी उदाजी चव्हाणांच्या नादाने वारणेच्या उत्तरेला तळ टाकून लूट आरंभली. 1730 साली श्रीपतराव प्रतिनिधींनी त्या तळावर अचानक छापा घातला. संभाजी पन्हाळ्याकडे निसटले. ताराबाई मात्र सापडल्या. शाहूंनी चुलतीला मानाने वागवले आणि त्या साताऱ्यातच राहिल्या.

शाहूंना आता वाटेल ते मागता आले असते. पण त्यांनी चुलतभावाला कऱ्हाडजवळ जखिणवाडीला भेटीस बोलावले. 13 एप्रिल 1731 रोजी वारणेचा तह झाला. वारणेच्या दक्षिणेचा मुलूख संभाजींचा, उत्तरेचा शाहूंचा. मिरज प्रांत आणि विजापूरकडची ठाणी यांवरचा हक्क शाहूंकडे आला. कोपळच्या बदल्यात रत्नागिरी संभाजींना मिळाली.

मला या तहात सर्वांत शहाणपणाचे वाटते ते दुसरेच कलम. तुमच्याकडून फुटलेला चाकर आम्ही ठेवू नये, आमच्याकडून फुटलेला तुम्ही ठेवू नये. आणि एकाचा वैरी तो दुसऱ्याचाही वैरी. जमीन वाटून भांडण मिटत नाही, हे दोघांना 24 वर्षांनी कळले होते. भांडणावर ज्यांची पोळी भाजते त्यांचे दार बंद करावे लागते.

हे शहाणपण सगळ्यांनाच सुचते असे नाही. चीनमध्ये इसवी सनाच्या तिसऱ्या शतकात हान राज्य मोडले आणि वेई, शू, वू अशी तीन राज्ये उभी राहिली. तिघांनी साठ वर्षे लढाया केल्या. 280 साली पाहावे तर तिघांपैकी एकही उरले नव्हते. वेई राज्याच्याच कारभारी घराण्याने सारे गिळले होते. आपल्याकडेही 1749 साली शाहू वारले आणि साताऱ्याची खरी सत्ता पुण्यास पेशव्यांकडे गेली. पण वारणेचा करार झाल्यामुळे कोल्हापूरची गादी टिकली, ती 1949 साली संस्थान विलीन होईपर्यंत.

आजही सांगली आणि कोल्हापूर जिल्ह्यांच्या मधून वारणा वाहते आणि हरिपूरजवळ कृष्णेला मिळते. दोन्ही काठांवर ऊस सारखाच वाढतो. तुमच्या घरी वाटणीचा कागद होणार असेल, तर गट नंबर आणि विहिरीच्या पाळ्या जरूर लिहा. त्याबरोबर हेही ठरवा, की भावाची चुगली घेऊन येणाऱ्याला ओसरीवर बसायला घोंगडी टाकायची नाही.