पणतीचं तोंड आणि मोठा पडदा

मैत्रिणींनो, गेल्या खेपेला आपण वाळवणं आणि साठवणीचे डबे यांत रमलो होतो. आज जरा स्वयंपाकघरातून उठून बाहेरच्या खोलीत, टीव्हीसमोर येऊन बसू या. वायरी, पिना आणि बटणं दिसली की ‘ते यांना कळतं’ असं म्हणून आपण बायका मोकळ्या होतो. मीही त्यातलीच. पण घरात अशी एक गोष्ट घडली, की पदर खोचून मलाच त्यात शिरावं लागलं.

आमच्या सासूबाई चौऱ्याऐंशीच्या. कान तल्लख, दात स्वतःचे, पण डोळ्यांनी दगा दिलेला. मोतीबिंदू कधीच काढून झाला. आता डोळ्याच्या आतल्या पडद्याचा मधला भागच झिजत चालला आहे. चष्म्याचा नंबर बदलून त्याला उपाय नाही. कडेकडेचं दिसतं, पण जिथे रोखून पाहावं तिथेच धुरकट डाग येतो. म्हणजे दारात कुणीतरी आलंय हे कळतं, कोण आलंय ते मात्र आवाजावरून.

माझी लेक मेलबर्नला असते. दर रविवारी तिचा व्हिडिओ कॉल येतो. मी आईंच्या हातात टॅबलेट देते, आणि त्या ‘हो हो, दिसतेस हं, बारीक झालीस’ असं म्हणत गप्पा मारतात. मला वाटायचं, दिसतंय त्यांना. मग लेकीला मुलगी झाली. आमच्या घरातलं पहिलं पणतवंड! तिसऱ्या दिवशी कॉल आला. आई टॅबलेट नाकाशी धरून म्हणाल्या, “नाक अगदी आपल्या वळणाचं आहे गं!” मी मागून डोकावले, तर पडद्यावर बाळ नव्हतंच. लेकीने फोन खाटेवर ठेवला होता आणि टॅबलेटवर नुसतं पांढरं छत दिसत होतं.

मी काही बोलले नाही. रात्री अंथरूण घालताना त्याच म्हणाल्या, “अगं, दिसत नाही म्हटलं की पोरगी तिकडे रडते. म्हणून म्हणते, दिसतंय.” किती महिने हे चाललं होतं कोण जाणे! बारशाला नऊ दिवस होते. मनात म्हटलं, बाराव्या दिवशी या बाईला पणतीचं तोंड दिसलंच पाहिजे.

डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, चित्र जितकं मोठं आणि उजळ, तितकं त्यांना कडेच्या नजरेने पकडता येईल; टीव्हीच्या अगदी जवळ बसवा, जवळ बसून डोळे बिघडत नाहीत. आमचा टीव्ही ४३ इंची, टॅबलेट १० इंची. म्हणजे टॅबलेटमधलं चित्र टीव्हीवर आणायचं, एवढंच काम. पण त्या ‘एवढंच’ने मला चार दिवस नाचवलं. तुमचे चार दिवस वाचावेत म्हणून सगळं क्रमाने सांगते.

आधी दोन्हींची तोंडं पाहा

बाजारात जाण्यापूर्वी टीव्हीच्या मागे एक नजर टाका. चपटी, खालचे दोन कोपरे कापल्यासारखी खाच दिसेल आणि तिच्याजवळ ‘एचडीएमआय’ असं लिहिलेलं असेल. ही पद्धत २००२ साली आली, त्यामुळे गेल्या काही वर्षांत घेतलेल्या टीव्हीला ती असतेच. बहुधा दोन-तीन असतात आणि त्यांना क्रमांक असतात. आता टॅबलेटची चार्जिंगची खाच पाहा. सरसकट दिसते ती लांबट गोल, पिन उलटीसुलटी कशीही जाणारी; ती यूएसबी-सी. जुन्या आयपॅडला तिच्याहून बारीक, लायटनिंग नावाची असते.

वायरने जोडायचं तर

वायरचा मार्ग सर्वांत खात्रीचा. चित्र अडखळत नाही, वायफायची कटकट नाही. पण इथेच मी फसले. दुकानदाराने “ताई, सी-पिन आहे ना, मग चालतंयच” म्हणून एक जोडणी गळ्यात मारली. घरी येऊन लावली, तर टीव्ही आपला काळाठिक्कर. टॅबलेट बिघडला म्हणून मी घाबरले. बिघडलं काहीच नव्हतं. मैत्रिणींनो, ही गोष्ट नीट ध्यानात ठेवा: दोन टॅबलेटांच्या खाचा दिसायला अगदी जुळ्या असल्या, तरी एकीतून चित्र बाहेर येतं आणि दुसरीतून नुसतं चार्जिंग होतं. स्वस्तातल्या बहुतेक टॅबलेटांत चित्र बाहेर सोडण्याची सोय नसतेच. माहितीपत्रकात ‘डिस्प्लेपोर्ट’ किंवा ‘व्हिडिओ आउट’ हा शब्द असेल तरच वायर आणा. यूएसबी-सीच्या आयपॅडना ही सोय आहे. लायटनिंगच्या आयपॅडला त्याची वेगळी जोडणी लागते.

सर्वांत सोपी युक्ती म्हणजे टॅबलेट पिशवीत घालून दुकानात न्या आणि तिथल्या टीव्हीला लावून दाखवा म्हणा. चित्र दिसलं की पैसे. साडी उलगडून, पदर पाहून घेतो ना आपण? मग इथे भीड कशाला!

घेताना आणखी दोन गोष्टी पाहा. जोडणीला चार्जरची वेगळी खाच असलेली घ्या, कारण टॅबलेटला तोंड एकच. तिथे टीव्हीची वायर बसली की चार्जिंग बंद, आणि ऐन बारशात टॅबलेट मान टाकायचा. आणि एचडीएमआयची वायर खोलीच्या मापाने तीन ते पाच मीटर पुरे. उगाच लांबलचक साधी वायर घेतली की चित्र तुटण्याची शक्यता वाढते, शिवाय पायात अडकून घरातलं वडीलधारं माणूस पडायचं ते वेगळंच.

लावण्याची रीत सोपी. वायर टीव्हीच्या ज्या क्रमांकाच्या खाचेत घातली असेल, तोच क्रमांक रिमोटवरचं ‘सोर्स’ किंवा ‘इनपुट’ बटण दाबून निवडा. चित्र येत नसेल तर दहापैकी नऊ वेळा क्रमांकच चुकलेला असतो. आयपॅडचं चित्र टीव्हीवर दोन्ही बाजूंना काळे पट्टे सोडून येतं. त्याचा आकारच चौकोनाकडे झुकणारा, तो दोष नव्हे.

बिनवायरीचा मार्ग

माझी वायर तर वाया गेली. बदलून द्यायलाही दुकानदार तयार होईना. मग भाच्याने फोनवरून बिनवायरीची वाट दाखवली. टीव्ही ‘स्मार्ट’ असेल तर तो आणि टॅबलेट घरातल्या एकाच वायफायवर हवेत, हा पहिला नियम. मग टॅबलेटच्या पडद्यावर वरून खाली बोट ओढायचं. बटणांची एक रांग उतरते. तीत ‘कास्ट’, ‘स्क्रीन कास्ट’ किंवा ‘स्मार्ट व्ह्यू’ असं काहीतरी असतं. प्रत्येक कंपनीने बारसं वेगळं केलंय, बाळ एकच! ते दाबलं की टीव्हीचं नाव दिसतं. त्यावर बोट ठेवायचं आणि टीव्हीने विचारलं तर रिमोटने ‘हो’ म्हणायचं. आयपॅडला हेच काम एअरप्ले करतं. टीव्हीला एअरप्ले आहे की नाही, ते मात्र आधी पाहून घ्या.

टीव्ही साधा असेल पण एचडीएमआयची खाच असेल, तर तिच्यात बसणारी स्टिक मिळते. ती लावली की साधा टीव्हीही शहाणा होतो. आणि ज्यांच्याकडे अजून जुना पेटीसारखा टीव्ही आहे, त्याच्या मागे पिवळं, लाल, पांढरं अशी तीन गोल तोंडं असतील. त्यासाठी एक छोटी डबी मिळते. घेताना तिच्यावर ‘एचडीएमआय टू एव्ही’ असंच लिहिलंय ना, ते वाचा. ‘एव्ही टू एचडीएमआय’ ही हुबेहूब तशीच दिसते, पण काम उलटं करते. या डबीला वीजही वेगळी द्यावी लागते. मात्र चित्र थोडं भरड दिसतं, ही तयारी ठेवा.

बिनवायरीत एक खोट आहे. चित्र जरासं मागून येतं. आमच्याकडे आवाज टॅबलेटमधूनच येत होता आणि ओठ त्यामागून हलत होते. गप्पांना चालतं, सवय होते. कधी एखादा सिनेमा लावला की पडदा काळा आणि नुसता आवाज, असंही होतं. नक्कल होऊ नये म्हणून केलेला तो बंदोबस्त असतो. तो सिनेमा टीव्हीतल्याच अ‍ॅपमधून लावावा.

माणूस कुठे बसवायचं?

इथे बरेच जण चुकतात. चित्र टीव्हीवर गेलं, तरी कॅमेरा राहतो टॅबलेटमध्येच! टॅबलेट बाजूच्या टेबलावर ठेवला, तर तिकडच्यांना आजीचा फक्त कान दिसतो. म्हणून टॅबलेट टीव्हीच्या पायाशी, बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर उभा करा. मी पोळपाट उभा टेकवून त्याच्या आधाराने ठेवला. टॅबलेट आडवा ठेवा आणि पलीकडच्यांनाही फोन आडवा धरायला सांगा. उभा धरला तर टीव्हीच्या मधोमध एक पट्टीच दिसते. खिडकीचा उजेड पडद्यावर पडू देऊ नका, पडदे ओढा. घुमल्यासारखं ऐकू आलं तर टीव्हीचा आवाज कमी करा.

आणि हो, एक सावधगिरी! टॅबलेटवर आलेला प्रत्येक निरोप टीव्हीवर झळकतो. आमच्या रंगीत तालमीला शेजारच्या चौघीजणी बसल्या होत्या आणि पडद्यावर ठळक अक्षरांत आलं, ‘भिशीचे पैसे अजून आले नाहीत!’ मेल्याहून मेल्यासारखं झालं. बँकेचा ओटीपीही असाच चारचौघांत दिसेल. म्हणून आधी ‘डू नॉट डिस्टर्ब’ दाबा. काम झालं की कास्ट आठवणीने बंद करा.

बारशाचा दिवस

तिथली दुपार, आपली सकाळ. आई नवं लुगडं नेसून टीव्हीपासून तीन हातांवर खुर्ची टाकून बसल्या. रोखून पाहिलं की डाग येतो, म्हणून त्यांनी मान जरा तिरकी केली. तिकडे जावयांनी फोन आडवा धरून पाळण्याजवळ नेला. बाळाचं तोंड टीव्हीभर झालं, चांगलं परातीएवढं. आई कितीतरी वेळ गप्पच. मला वाटलं, नाहीच दिसलं. मग हळूच म्हणाल्या, “नाक आपलं नाही गं. त्यांच्याकडचं आहे.”

पलीकडे लेक हसत होती आणि डोळेही पुसत होती. पूर्वी पणतू झाला की पणजीवर सोन्याची फुलं उधळायचे. आम्ही पणतीसाठी उधळली. अंगठीतलं थोडं सोनं मोडून केलेली दोन इवलीशी, बाकीची मोगऱ्याची.

घरात अशी थकलेल्या डोळ्यांची माणसं असतील तर त्यांच्या ‘दिसतंय हं’वर लगेच विश्वास ठेवू नका. ‘काय दिसतंय?’ असं प्रेमाने विचारा. आणि दाराची चौकट किंवा फरशीच्या सरळ रेघा वाकड्या दिसतात, असं कुणी म्हणालं, किंवा नजर एकाएकी उतरली, तर वयावर न टाकता डोळ्यांच्या डॉक्टरांना लगेच दाखवा. त्यात दिवस घालवू नका.

जाता जाता: वाया गेलेली ती जोडणी मी टाकून दिलेली नाही. भाच्याच्या लॅपटॉपला ती चपखल बसली. म्हणजे पैसे अगदीच पाण्यात गेले नाहीत! पुढच्या आठवड्यात पुन्हा आपल्या स्वयंपाकघरात भेटू.